गुहागरच्या घरासाठी इलेक्ट्रिक गाडी की पेट्रोल? आधी अर्थिंग बघा

प्रश्न असा आहे. घर गुहागर तालुक्यात, रस्त्यापासून पन्नासेक मीटर खाली. गाडी वर रस्त्यालगतच्या शेडमध्ये उभी राहते. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या चिपळूणच्या, म्हणजे महिन्याला हजारेक किलोमीटर. वर्षातून चार-पाच वेळा मुंबई, एखाद-दोनदा कुंभार्ली घाट चढून कराड-पुणे. जुनी पेट्रोल गाडी काढायची आहे, दहा ते चौदा लाखांचं बजेट आहे. इलेक्ट्रिक घ्यावी का? आणि खरी धास्ती ही की पावसात लाईट जाते, तेव्हा गाडी दारात शोभेची राहणार का?

या वापराला इलेक्ट्रिक चालेल, चांगली चालेल. बॅटरी मात्र ३५ युनिटच्या (किलोवॉट-अवरच्या) खाली घेऊ नका, आणि बुकिंगच्या आधी घराची वायरिंग तपासून घ्या. कोकणात इलेक्ट्रिक गाडीवाले वैतागतात ते बहुधा गाडीपायी नाही. जांभ्यात न लागणारं अर्थिंग, डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घरात पडलेलं व्होल्टेज आणि खाऱ्या हवेने खाल्लेले जोड, ही खरी दुखणी. शोरूमवाला यातलं काही सांगत नाही, कारण त्याला ते माहीत नसतं.

आधी पैशांचं बोलू, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरेल. पेट्रोल गाडी आपल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर लिटरला १५ किलोमीटर देते असं धरा. लिटर १०४ रुपये धरलं तर किलोमीटरला सात रुपये. त्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते. चार्जिंग करताना दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर १७ युनिट पडतात. घरगुती वीज युनिटला १२ रुपये धरली तर किलोमीटरला दोन रुपये. महिन्याच्या हजार किलोमीटरला ६,९०० रुपयांच्या जागी २,०००. पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला पाच वर्षं लागतात. महिन्याला चारशे किलोमीटरच फिरणाऱ्याला बारा-तेरा वर्षं लागतील. त्याने या भानगडीत पडू नये, पैशांसाठी तरी नाही.

या हिशेबात दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, वीजबिलाचे टप्पे. गाडीचे १७० युनिट तुमच्या आताच्या युनिटांच्या डोक्यावर चढतात. घराचा वापर महिन्याला ९० युनिट असेल तर बेरीज २६० होते, तिथवर ठीक. पण एसी, फ्रीज, पंप मिळून आत्ताच २५० जळत असतील, तर गाडीचे बहुतेक युनिट ३०० च्या वरच्या महाग टप्प्यात जातात आणि बचत महिन्याला काहीशे रुपयांनी कमी होते. म्हणून मे महिन्याचं बिल काढून बघा, वार्षिक सरासरी नको. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगचा दरप्रकार वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र मीटरही घेता येतं. हजार किलोमीटरवाल्याला त्याचा स्थिर आकार आणि जोडणीचा खर्च धरून गणित करावं लागेल, टॅक्सीवाल्याने मात्र ते घ्यावंच. दुसरं म्हणजे, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे, पण मधलं अंतर पूर्वीएवढं राहिलं नाही. त्याआधीचे 'तीन वर्षांत पैसे वसूल' असे हिशेब आता धरू नका.

आता वायरिंग. इथे सविस्तर लिहितो.

गाडीसोबत येणारा साधा चार्जर १५-१६ अँपिअर घेतो, म्हणजे सव्वातीन किलोवॉट. ३५ युनिटची बॅटरी रिकामी ते पूर्ण भरायला त्याला अकरा-बारा तास लागतात. चिपळूणच्या एका फेरीला, ९० किलोमीटरला, मीटरवर पंधरा-सोळा युनिट, म्हणजे पाच तास. रात्री जेवून लावली की पहाटे झाली. तुम्हाला ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर लागत नाही. तो ३२ अँपिअर ओढतो, त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो, बहुतेक घरांना तीन फेजही घ्यावी लागते आणि गावच्या छोट्या डीपीवर तेवढा भार टाकला की शेजाऱ्यांचे पंखे मंदावतात. फुकट मिळाला तरी सध्या बसवू नका, पडवीत ठेवून द्या.

पण १६ अँपिअर हेही हलक्यात घ्यायचं प्रकरण नाही. गिझर पंधरा मिनिटं चालतो, हे आठ-दहा तास सलग चालतं. भिंतीवरचं नेहमीचं १६ अँपिअरचं सॉकेट दोन-तीन महिन्यांत पिवळं पडतं, मग पिना सैल होतात, मग वितळतं. त्याऐवजी निळं औद्योगिक सॉकेट बसवा, झाकणाचं, पावसाचं पाणी न जाणारं. बोर्डापासून त्याला स्वतंत्र वायर, दुसरा एकही दिवा त्यावर नको.

घर खाली आणि गाडी वर असल्यामुळे वायरची जाडी हा तुमचा कळीचा मुद्दा आहे. वायरमन सवयीने २.५ चौरस मिलिमीटरची ओढेल. पन्नास मीटरला जाऊन-येऊन शंभर मीटर तांबं होतं. त्यात १६ अँपिअरला जवळजवळ १२ व्होल्ट पडतात. म्हणजे पाच तासांच्या चार्जिंगला एक युनिट वीज वायर तापवण्यात. वीज गेली तर गेली, पण संध्याकाळी घरात मुळात १९० व्होल्ट येत असतील तर गाडीजवळ १७८ च उरतात, आणि १८० च्या आसपास आले की बरेच चार्जर थांबतात. सकाळी बघावं तर गाडी ४० टक्क्यांवर. मालक कंपनीला शिव्या देतो. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली की हीच घट पाच व्होल्टवर येते. जमिनीतून नेताना आर्मर्ड केबल घ्या किंवा जाड पाइपातून न्या. कुदळीचा घाव आणि उंदराचे दात, दोन्हींपासून जपायचं आहे.

त्याच्याही मागे एक जागा आहे, तिकडे कोणी बघत नाही. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि मीटरजवळ ती तांब्याला नुसती पिळून जोडलेली असते. खाऱ्या हवेत हा जोड आतून पांढरा पडतो, प्रतिरोध वाढतो, भार आला की तापतो. दिवे-पंख्यांच्या भाराला वर्षानुवर्षं काही होत नाही. गाडी लावली की महिन्यात जळतो. मीटरनंतरच्या जोडांना बायमेटल लग (तांबं आणि ॲल्युमिनियम जोडायचं खास टोक) लावून घ्या. खांबापासून मीटरपर्यंतचं काम महावितरणचं. तिथे अर्ज करा, खाजगी माणसाला खांबावर चढवू नका.

आता अर्थिंग, म्हणजे कोकणातलं खरं कुसळ. चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते ठीक नसेल तर लाल दिवा दाखवून बसतो. जांभा पावसात ओला असतो तेव्हा कामचलाऊ अर्थिंग मिळतं; एप्रिल-मे मध्ये कातळ कोरडा ठणठणीत होतो आणि तोच खड्डा निकामी. जुलैत घेतलेली गाडी मे महिन्यात चार्ज होईना, यामागे अनेकदा एवढंच असतं. म्हणून अर्थिंगचं माप मे मध्ये घ्यायचं, ५ ओहमच्या आत यायला हवं. साधी चाचणी मल्टिमीटरने होते: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही दोन्ही व्होल्टेज जवळपास सारखी हवीत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये तीन-चार व्होल्टच्या वर काही नको. ही चाचणी इस्त्री किंवा गिझर चालू ठेवून करा. भाराशिवाय सगळंच छान दिसतं.

कातळात तीन मीटर खोल जाता येत नसेल तर जागा शोधा. मोरीचं पाणी मुरतं ती जागा, विहिरीची कड, माडाचं आळं. एक खड्डा पुरला नाही तर तीन मीटर अंतराने दोन-तीन रॉड ठोकून पट्टीने जोडायचे. मीठ-कोळशाची जुनी पद्धत आपल्याकडे टिकत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन जातं, आणि जाताना लोखंडी पाइप खाऊन जातं. त्यापेक्षा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती).

एक गोष्ट निक्षून सांगतो. लाल दिवा घालवायला काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्जही होते. मग एखाद्या वादळात खांबावर न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यात फेज येते. ओल्या अंगणात अनवाणी माणूस दाराला हात लावतो. असा 'जुगाड' कोणी सुचवला तर तो माणूस बदला. सॉकेटच्या आधी २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) हवा. आरसीसीबी 'ए' प्रकारचा मागा. दुकानात सहज मिळणारा 'एसी' प्रकार गाडीच्या चार्जरच्या गळतीला नीट ओळखत नाही. सोबत एक सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा. आणि वळवाच्या किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटात गन (गाडीत खोचायचं चार्जरचं टोक) काढून ठेवा, अरेस्टर असला तरी.

लाईट जाण्याची भीती खोटी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं तेव्हा काही गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते. (अंजनवेलला एवढा गॅसचा वीज प्रकल्प आणि पोफळीला कोयनेचं वीजघर, दोघांच्या मधल्या गावात वारा सुटला की मेणबत्ती शोधायची!) पण रोजची वीज जाणं वेगळं आणि वादळ वेगळं. रोजच्या चार-सहा तासांच्या खंडाने काही बिघडत नाही, कारण वीज आली की चार्जिंग बहुतेक गाड्यांत आपोआप पुढे सुरू होतं. वादळासाठी नियम एकच: जून ते सप्टेंबर बॅटरी ६० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. हवामान खात्याचा इशारा आला की पूर्ण भरून ठेवा. त्यात चिपळूणच्या दोन फेऱ्या निघतात.

घरचा इन्व्हर्टर गाडी चार्ज करू शकत नाही, विषय संपला. जनरेटर करू शकतो, पण पाच केव्हीएच्या खालचा दमतो, आणि त्याचा न्यूट्रल मोकळा असल्यामुळे चार्जर अर्थिंग नाही म्हणून अडून बसतो. तिथे जनरेटरवरच न्यूट्रल-अर्थ बांधून त्याला स्वतंत्र रॉड द्यावा लागतो. हे वायरमनने करायचं, आणि घराची लाईन पूर्ण तोडलेली असताना. एक लिटर पेट्रोलमागे जनरेटर अडीच-तीन युनिट देतो, म्हणजे पंधरा-सतरा किलोमीटर. थोडक्यात, तीच पेट्रोल गाडी झाली, फक्त आवाज अंगणात. उलट बाजूही आहे. काही इलेक्ट्रिक गाड्या बाहेर वीज देतात. ४५ युनिटच्या गाडीवर फ्रीज, दिवे आणि मोबाइल मिळून रोज तीन युनिट धरले तर दहा-बारा दिवस निघतात. तुमच्याकडे ही सोय असलेलं मॉडेल बजेटात बसत असेल तर तिचे चार पैसे जास्त द्या. आणि वादळानंतर पंपावर वीज नसली की पेट्रोलही मिळत नाही, हे पेट्रोलवाल्यांनी विसरू नये.

पाण्याबद्दल गैरसमज दोन्हीकडून आहेत. पावसात चार्जिंग केलं तर शॉक बसत नाही. गन आणि गाडी एकमेकांशी बोलल्याशिवाय पिनांत वीज येतच नाही. बॅटरीचा डबा बहुधा आयपी ६७ असतो, म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. पण इंजिनात पाणी ओढलं जात नाही म्हणून साकवावरून वाहत्या पाण्यात घालायची गाडी ही नव्हे. जड असली तरी दोन फूट पाण्यात तीही तरंगते आणि वाहते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तसं कधी झालं आणि गाडी बुडाली, तर पाणी ओसरल्यावर चालू करून बघू नका, चार्जरला लावू नका, घरापासून लांब मोकळ्यावर ठेवा आणि चारही चाकं उचलणाऱ्या गाडीवरून न्या. विम्यात बॅटरी आणि चार्जरचं वेगळं संरक्षण घ्या. पेट्रोल गाडीत इंजिन संरक्षण घेतात तसंच ते.

घाटाचा बाऊ होतो, हिशेब मात्र साधा आहे. माणसांसकट १,७०० किलोची गाडी चिपळूणहून सुमारे ६०० मीटर वर कुंभार्लीच्या माथ्यावर न्यायला निव्वळ चढाईची ऊर्जा २.८ युनिट, मोटारीचे तोटे धरून सव्वातीन. ३५ युनिटच्या बॅटरीतले नऊ-दहा टक्के. पडद्यावरचा रेंजचा आकडा मात्र घाबरवेल, कारण तो मागच्या काही किलोमीटरवरून अंदाज बांधतो. उतरताना एक-दीड युनिट परत मिळतं. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ते घ्यायला जागाच नसते, आणि गाडी अचानक ओढ न धरता सुटल्यासारखी वाटते. म्हणून घाटमाथ्यावरून उतरायचं असेल तर आधी ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

कागदावरची रेंज विसरा. ३५ युनिटच्या छोट्या गाडीला एसी लावून आपल्या रस्त्यांवर २४० ते २७० किलोमीटर धरा, ४५ युनिटच्या नेक्सॉनला ३०० ते ३३०. गुहागर-मुंबई पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर. एक थांबा महाड-माणगाव पट्ट्यात घ्या, ३० टक्के उरलेले असताना. तिथला चार्जर बंद असला तर पुढच्यापर्यंत जाता यायला हवं, यासाठी ते ३० टक्के. जलद चार्जरवर दहा ते ८० टक्के व्हायला पाऊण-एक तास. ६० किलोवॉटच्या यंत्राला दोन गाड्या लागल्या की प्रत्येकीला निम्मी वीज, हे लक्षात ठेवा. तिथला दर युनिटला अठरा ते पंचवीस रुपये, म्हणजे किलोमीटरला साडेतीनच्या आसपास. दोन-तीन कंपन्यांची ॲप घरीच उतरवून पैसे भरून ठेवा. हायवेला काही पट्ट्यांत नेटवर्क नसतं आणि चार्जर समोर असून सुरू होत नाही. हायवे सोडून आत, हेदवी-वेळणेश्वर-दापोलीकडे, सार्वजनिक चार्जरवर विसंबू नका. तिकडे मुक्कामाच्या घरातलं १६ अँपिअरचं सॉकेटच कामाला येतं, करंट कमी करायची सोय असेल तर दहावर आणून. धोपावे-दाभोळ फेरीबोट आणि तवसाळ-जयगड या आपल्या बाजूच्या दोन बोटी इलेक्ट्रिकवाल्याला दुप्पट फायद्याच्या: वळसा वाचतो तेवढी बॅटरीही वाचते.

गणपतीत मात्र पेट्रोलवाला जिंकतो. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत हायवेच्या प्रत्येक चार्जरवर चार-पाच गाड्या असतात, आणि प्रत्येकी पाऊण तास म्हणजे काय ते बघा. तुम्ही गावात राहता, त्या दिवसांत मुंबईला जायचंच नसतं, म्हणून तुम्हाला हे लागू नाही. मुंबईत राहून सणाला येणाऱ्या, सोसायटीत चार्जिंग नसलेल्या चाकरमान्याला मी अजूनही पेट्रोल किंवा सीएनजीच सांगेन.

खारी हवा दोन्ही गाड्यांना खाते, पण वेगवेगळ्या जागी. पेट्रोलमध्ये सायलेन्सर आधी जातो, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल दमट हवेतलं पाणी धरतं. इलेक्ट्रिकमध्ये ब्रेक. मोटारच गाडी थांबवत असल्याने डिस्कवर पॅड घासतच नाहीत, गंजाचा थर चढतो आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर रीजन (मोटारनेच गाडी थांबवायची सोय) बंद करून, पन्नासच्या वेगावरून पाच-सहा वेळा कचकचीत ब्रेक मारा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पिना काढून ग्रीस करून घ्या. हे सर्व्हिसच्या यादीत नसतं, सांगून करून घ्यावं लागतं. चार्जिंग गनच्या पिना हिरवट दिसू लागल्या तर सॅंडपेपर मारू नका, वरचा चांदीचा मुलामा जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कोरड्या करा आणि गन जमिनीवर न टाकता हुकाला अडकवा.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरा, नाहीतर तिचा टक्क्यांचा आकडा खोटं बोलायला लागतो आणि ३० दाखवत असताना एकदम १२ वर येतो. हमी बहुतेकांची किमान ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. एकदम अडवणारी वस्तू मात्र छोटी १२ व्होल्टची बॅटरी. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. तीन वर्षांनी न विचारता बदला.

स्टेपनी आहे का ते शोरूममध्ये डिकी उघडून बघा. काही मॉडेलांत नुसता पंक्चरचा डबा असतो, आणि घाटात फाटलेल्या टायरला तो उपयोगाचा नाही. बाकी यांत्रिक बिघाड झाला तर पेट्रोल गाडी शृंगारतळीचा कुठलाही मेकॅनिक उघडतो. इलेक्ट्रिकच्या नारिंगी वायरींना त्याला हात लावू देऊ नका, ती चिपळूण किंवा रत्नागिरीलाच न्यावी लागेल. जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये उच्चदाबाचं काम करणारा प्रशिक्षित माणूस तिथेच बसतो की कोल्हापूरहून येतो, हे बुकिंगच्या आधी फोन करून विचारा.